दाजी आणि मारान्सची चौदा पिलं

सकाळी साडेसातला आक्काचा फोन आला. मी दवाखान्यात निघायच्या गडबडीत होतो. ती रडत नव्हती. "अरुण, तुझे दाजी गेले," एवढंच म्हणाली. "कोंबड्यायला पाणी ठेवलं, शेडमधल्या बाजेवर टेकले आन् तसेच..." आणि पुढं, "तू ये. येताना खाद्य आण, आजच्यापुरतंच हाय." भोकरदनहून दाजींच्या गावी, धावड्याला, लोक हार घेऊन गेले, मी मोटारसायकलला खाद्याची गोणी बांधून गेलो. गर्दीतल्या कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. दाजींच्या घरी गेल्या चार वर्षांत कोंबड्यांचं आधी आणि माणसांचं मागून, असंच चालत आलं होतं.

आज पाच आठवडे झाले. माणिकराव दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झाले आणि गावी चार एकरांत येऊन राहिले. कोंबड्या पाळणारे पुष्कळ असतात, पण दाजींना हवी होती ती एकच जात, मारान्स. मूळची फ्रान्सची. काळीभोर, मानेवर तांब्यासारखी झळाळी, पायांवर बारीक पिसं, आणि अंडं मात्र असं तपकिरी की हातात घेतलं तर रंगवलंय की काय वाटावं. त्यांच्या मुलीनं मोबाइलवर फोटो दाखवला आणि त्यांच्या डोक्यातून तो रंग गेलाच नाही. नाशिककडच्या एका शौकिनाकडून त्यांनी डझनभर अंडी मिळवली, भुश्शाच्या डब्यात घालून तो डबा अख्खा प्रवासभर मांडीवर धरला आणि घरच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. सात पिलं निघाली. मोठी झाली, अंड्यावर आली, पण अंडी निघाली फिकट. गावरानपेक्षा जरा बरी, इतकंच. मी म्हणालो, "दाजी, आपल्या हवेत एवढाच रंग यायचा." ते म्हणाले, "हवेचं न्हाई, निवडीचं हाय. ज्या दोघींचं गडद, त्याईचीच ठेवायची. बाकीच्या वाटून टाकू."

तशा त्यांनी वाटल्या. दोन माद्या आणि एक नर ठेवला. त्या दोघींची बारा दिवसांची अंडी जमवली आणि पुन्हा खुडूक बसवली. त्यातून चौदा पिलं निघाली. ती अडीच आठवड्यांची असताना एका दुपारी शेडच्या मागच्या जाळीखालून मुंगूस शिरलं आणि थोरल्या दोन्ही माद्या मारून गेलं. दाजी बांधावर होते. आवाज ऐकून पळत आले, तेव्हा सगळं संपलं होतं. म्हणजे गडद अंड्याचं जे काही बीज उरलं, ते त्या चौदा पिलांत. मी दुसऱ्या दिवशी गेलो तर दाजी जाळीच्या कडेनं फूटभर खोल चर खणत होते. डोळे वर न करता म्हणाले, "आता या पिलायला काय होता कामा नये, अरुणराव."

मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पर्यवेक्षक आहे. पिलांच्या लसी माझ्याकडे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब मीच टाकले होते. आठव्या आठवड्यात मानमोडीचं, म्हणजे राणीखेतचं, इंजेक्शन द्यायचं होतं. लस फ्रिजमध्ये आणून ठेवली होती. ठरलेल्या गुरुवारी एका सहकाऱ्याच्या निरोपाचं जेवण निघालं. "पुढल्या गुरुवारी येतो," असं फोनवर सांगितलं. "बराबर," दाजी म्हणाले. पुढल्या गुरुवारी काहीच नव्हतं. ऊन फार होतं, जायचा कंटाळा आला, एवढंच खरं. तेव्हा म्हणालो, "सोमवारी नक्की." रविवारी दाजींचा फोन आला. "शेजारच्या वस्तीवर कोंबड्या मरून राह्यल्या. माना वाकड्या होऊन."

मी लस, बर्फाचा डबा आणि चुन्याची पिशवी घेऊन तासाभरात पोचलो. दोन पिलं कोपऱ्यात पंख सोडून बसली होती, हिरवट विष्ठा पडली होती. मला बघताक्षणीच कळलं. दाजींनाही कळलं असावं, कारण त्यांनी काही विचारलं नाही. आक्का दारात उभी होती. तिनं विचारलं, "लस दिल्ती ना यायला?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात दाजी म्हणाले, "मीच म्हणलो थांबू म्हणून. पिलायला सर्दी होती." पिलांना सर्दी कधीच झाली नव्हती. मी चुन्याची पिशवी हातात धरून उभा राहिलो आणि गप्प बसलो... बोलायला फार तर दोन वाक्यं लागली असती.

निरोगी दिसणाऱ्या बारांना आम्ही लस टोचली. आजाऱ्यांना मारून पुरावं लागेल, असं मी सांगितलं. "तू जा, मी करतो," ते म्हणाले. त्या दिवसापासून दाजी घरी आले नाहीत. शेडजवळच बाज टाकली. आक्कानं भाकरी बांधावर ठेवायची, ते येऊन न्यायचे. कोणाला आत येऊ दिलं नाही, मलासुद्धा. "तू दहा गोठ्यांत फिरतोस," म्हणाले. पिलांचे चार-चारचे तीन वाडे केले, प्रत्येकाचं भांडं वेगळं. एका वाड्यातून दुसऱ्यात जाताना पाय चुन्यात बुडवायचे, सदरा बदलायचा. साठी उलटलेला माणूस दिवसातून पंधरा वेळा सदरा बदलत होता.

रोज सकाळी सहाला माझा फोन वाजायचा. दाजी फक्त आकडा सांगायचे. पहिल्या दिवशी, "बारा." मी म्हणालो, लस लागू व्हायला आठवडा तरी जाईल. तिसऱ्या दिवशी, "नऊ." चौथ्या दिवशी फोन सव्वासहापर्यंत आला नाही. मी हातात फोन घेऊन अंगणात फिरत होतो. बायकोनं चहा ठेवला, तो तसाच राहिला. साडेसहाला आला. "सात. एकीची मान पडली हाय, पण जीव हाय." मी म्हणालो, "दाजी, तिलाही..." ते म्हणाले, "न्हाई. तिला दूर ठेवतो. खायला उठून राह्यली ती." सहाव्या दिवशी, "सहा." त्यापुढच्या सकाळी "सहा." आणि त्यापुढच्या सकाळीही "सहा." दहाव्या दिवशी "सहा" म्हणताना त्यांचा आवाज इतका थकलेला होता की मी आंघोळ न करताच निघालो आणि बांधाच्या अलीकडे जाऊन उभा राहिलो. ते शेडच्या दारात आले. दाढी वाढलेली, चुन्यानं पायांना भेगा पडलेल्या. आम्ही लांबूनच एकमेकांकडे पाहिलं. त्या वेळी तरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "जेवलात का?"

पुढचे साडेचार महिने वेगळ्याच धास्तीत गेले. मानमोडीतून वाचलेल्या कोंबडीचं अंडं कधी वेडंवाकडं येतं, कधी रंगच जातो, कधी ती घालतच नाही. सहांत चार माद्या होत्या. वाकड्या मानेच्या मादीला दाणा टिपता येत नव्हता, तिला दाजी मांडीवर घेऊन ओलं खाद्य चारायचे. तिनं अंडं कधीच घातलं नाही आणि दाजींनी तिला कधी काढलंही नाही. बाकीच्या तिघींपैकी एकीनं सातव्या महिन्यात पहिलं अंडं घातलं, ते बिनटरफलाचं. नुसती कातडी. दाजींनी ते तळहातावर घेऊन मला दाखवलं. दुसरं फिकट होतं. मी मनात हिशेब सोडून दिला. पण दाजींनी शिंपल्याचा चुरा वाढवला, पाणी सावलीत हलवलं आणि रोज वाट पाहत राहिले. पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी फोन आला. "आलं, अरुणराव." मी विचारलं, "रंग?" म्हणाले, "जुन्या गुळावानी."

त्यानंतर अडीच महिने ते होते.

गेल्या रविवारी मी धावड्याला गेलो. आक्का शेडमध्ये दाजींचा चष्मा लावून बसली होती. उबवायला ठेवायची अंडी दाजी एकेक करून दारातल्या उजेडात फिरवून बघत, तशीच ती बघत होती, गडद एका टोपल्यात, फिकट दुसऱ्यात. एक खुडूक कोंबडी कोपऱ्यात फुगून बसलेली होती. मी आक्कासमोर उकिडवा बसलो आणि सांगितलं. गुरुवारचं जेवण, दुसऱ्या गुरुवारचं ऊन, सर्दी नव्हती ते. सगळं सांगितलं. आक्कानं हातातलं अंडं खाली ठेवलं नाही. ते आणखी एकदा फिरवून पाहिलं, गडद टोपल्यात ठेवलं. "त्यायनी मला शेवटपर्यंत सर्दीच सांगितली," म्हणाली. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता ती ऊठ म्हणेल, चालता हो म्हणेल. म्हणाली असती तरी माझं काही म्हणणं नव्हतं.

तिनं अकरा अंडी मोजून कोंबडीखाली सरकवली आणि हात झटकले. "एकवीस दिवसांनी निघतील," म्हणाली. "त्याच्यापुढं आठ आठवडे धर. लसीची तारीख आत्ताच लिही. इथं, माझ्यासमोर."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटत गेलो आणि लिहिली.