दोन ठोके आणि एक थांबा

गादीवाल्याच्या थोरल्या पोराला सगळी गल्ली हातोडा म्हणायची, आणि त्यानेही कधी नको म्हटलं नाही. का म्हणेल? वय विशीच्या आतलं, मिसरूड नुकतंच फुटलेलं, आणि खेळलेली एकही लढत हरलेला नाही. सलूनवाल्याने त्याचा ग्लोव्ह्ज घातलेला फोटो आरशाच्या वर लावला होता. शाळकरी पोरं त्या फोटोकडे बोट दाखवून तसेच केस कापून घेत आणि घरी जाऊन आईचा मार खात. हातोडा रस्त्याने चालला की खांदे गरजेपेक्षा जरा जास्तच हलायचे. आई म्हणायची, आता घराचं दार रुंद करून घ्यावं लागणार.

घर वर, दुकान खाली. सकाळी सराव आणि दुपारी कापूस, असा त्याचा दिवस जायचा. जुनी गादी आली की ती उसवायची, दडपून दगड झालेला कापूस फरशीवर पसरायचा आणि काठीने झोडपायचा. बाबांनी लहानपणीच हात धरून शिकवलं होतं: दोन ठोके द्यायचे आणि थांबायचं. उडालेला कापूस खाली बसला की पुन्हा दोन. न थांबता झोडपलं तर कापूस नुसता नाकातोंडात जातो आणि गाठी आहेत तिथेच राहतात. बाबा बोलायला कंजूष, पण हातात जादू. त्यांनी भरलेल्या गादीवर झोपलेला माणूस सकाळी कामावर उशिरा पोचतो, अशी ख्याती होती.

त्या वर्षी मोठ्या सराव शिबिरासाठी पोरं निवडायची होती. तिथे गेलेल्याला राहणं, खाणं, चांगले प्रशिक्षक आणि पुढच्या मोठ्या स्पर्धा, सगळं मिळणार होतं. अंतिम लढत जिंकणारा आत. हातोडा जिंकणार हे गल्लीने इतकं गृहीत धरलं होतं की सलूनवाला दुकानाला कुलूप लावून पुढच्या रांगेत जाऊन बसला. समोरचा पोरगा डावखुरा आणि असा काटकुळा, की पंखा जोरात लावला तर उडेल.

तो काही उडाला नाही. हातोडा दुसऱ्या राऊंडला आडवा झाला. उठला. तिसऱ्याला पुन्हा आडवा झाला, तेव्हा रेफरीने हात हलवून लढतच थांबवली.

दुसऱ्या दिवशी गल्लीला काय तोंड फुटलं म्हणता! गादीवाल्याचाच पोरगा, आडवा पडायची सवय घरातूनच, असं कुणीतरी म्हणालं आणि ते संध्याकाळपर्यंत दहा घरी पोचलं. हातोड्याची उशी झाली. सलूनमधला फोटो उतरला आणि तिथे केसांच्या तेलाची जाहिरात आली. भिंतीला ओल होती म्हणे. एका व्यायामशाळेच्या उद्घाटनाला त्याला बोलावलं होतं, ते आमंत्रण कुठे विरघळलं ते कळलं नाही. मामाने तर कमालच केली. मला आधीपासून शंका होतीच, असं तो सांगत सुटला. हाच मामा आठवड्यापूर्वी भाच्याच्या नावाने हॉटेलात फुकट चहा पीत होता. तालमीतले सरही आता दुसऱ्या पोरांच्या कोपऱ्यात जास्त वेळ उभे राहू लागले. बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की शिबिराचं काही झालंच नाही तर पावसाळ्यानंतर पूर्ण वेळ दुकानात बसायचं. एका माणसाने एवढ्या गाद्या उरकत नाहीत.

पोरगा चार दिवस घराबाहेर पडला नाही. पाचव्या दिवशी सरळ त्या काटकुळ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. शिबिर सुरू व्हायला अजून अवकाश होता, तो सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होता. मारामारीच होणार असं वाटून त्याने पाना जवळ ओढला.

"एक विचारायचंय," आपला पोरगा म्हणाला. "मी कधी उघडा पडतोय, ते तुला आधीच कसं कळत होतं?"

काटकुळ्याने पाना बाजूला ठेवला. "तू दोन मारतोस आणि थांबतोस, रे. दर वेळी. मी फक्त थांबायची वाट बघायचो."

घरी परत आला तो ऐन कामाच्या वेळी. बाबा कापूस झोडपत होते. धप, धप. मग शांत. धप, धप. मग शांत. पोरगा उंबऱ्यातच खिळला. त्याचे हात रिंगमध्ये इतकी वर्षं कापूसच झोडपत होते.

मग सुरू झाला एक भलताच प्रकार. पोरगा कधी तीन ठोके द्यायचा, कधी पाच, कधी एकच देऊन पुन्हा दोन. दुकानात ढगासारखा कापूस उडायचा आणि गाद्यांत गाठी राहायच्या. कोपऱ्यावरच्या शिक्षिकाबाई कमरेला हात लावून आल्या आणि आत बटाटे भरलेत का, असं विचारून गेल्या. बाबांनी ती गादी उसवली आणि सगळी पुन्हा भरून दिली. पुढचीही. त्याच्या पुढचीही. शेवटी पोरालाच राहवेना, तो म्हणाला की मी काठी ठेवतो, तुमचं नाव जातंय.

बाबांनी दाभणात दोरा ओवला. "गादी पुन्हा उसवता येते. तू चुकवत राहा, मी शिवत राहतो."

सरांना तालमीत ते नवे हात दिसले आणि त्यांनी स्वतः शिबिराच्या मुख्य प्रशिक्षकांकडे शब्द टाकला. शिबिरातला एक पोरगा आजारी पडून घरी गेला होता. जागा एक, चाचणी एक, तीही शिबिरातल्याच पोराशी लढून, आणि समोर पुन्हा तोच काटकुळा. या वेळी पुढची रांग रिकामी होती. बाबा मात्र दुकान बंद करून आले होते आणि मांडीवर हात ठेवून बसले होते.

पहिल्याच राऊंडला काटकुळ्याने पोराचे दोन ठोसे चुकवले आणि सवयीने आत शिरला. तिसरा ठोसा तिथे त्याची वाटच पाहत होता. त्यानंतर त्याला शेवटपर्यंत हिशोब लागला नाही. आडवं कुणी पडलं नाही, पण पॉइंटवर पोरगा जिंकला. खाली उतरताना काटकुळा हसून म्हणाला, की माझंच तोंड मी बंद ठेवायला हवं होतं. मुख्य प्रशिक्षकांनी पोराला सोमवारी सामान घेऊन यायला सांगितलं.

परतीचा रस्ता खरं तर थोडासा. पण बोलायला कंजूष असलेले बाबा किराणावाल्यापाशी थांबले. मग औषधाच्या दुकानात, मग इस्त्रीवाल्याकडे. कुणी विचारलेलं नसताना सगळं सांगत होते, आणि सुरुवात दर वेळी तिथूनच: आधी कसा दोनदा आडवा पडला, मग त्याच पोराला जाऊन कसं विचारलं. पिशवी खांद्याला अडकवलेला पोरगा मागे कानकोंडा होऊन उभा.

"बाबा, पडल्याचं कशाला सांगताय प्रत्येकाला?"

"का? त्याच्या दारात गेलास, ते मी गाळू?" बाबा म्हणाले आणि सलूनची पायरी चढले.