एकाच विळीवरची काकडी

सहावा महिना लागला तशी माझ्या बायकोने, गौरीने, हट्टच धरला : बाळंतपणाआधी करमाळ्याच्या मावशीला भेटायचंच. शनिवारी पहाटे पुणे सोडलं. टेंभुर्णीपर्यंत रस्ता उत्तम. तिथून आत वळल्यावर गाडी सांभाळून घ्या आणि चहा टेंभुर्णीतच उरका. कमळाभवानीच्या देवळात गार दगडावर गौरी अशी विसावली की तिला उठवावंसं वाटेना.

मावशींकडे जावई आला की परसातली कोंबडी कापणारच. मी शहाणपणा पाजळला, "मावशी, हिच्यासाठी नीट शिजू द्या."

"दीड तास शिजतीय की जावईबापू. हाडं सुटल्याबिगर उतरवत न्हाय मी."

रस्सा झकास होता. मी चार भाकऱ्या हाणल्या. गौरीने आणि मावशींच्या नातीने सोबत काकडी-कांदा मनसोक्त खाल्ला. मला कच्ची काकडी सोसत नाही.

रविवारी परतलो. सोमवारी गौरीला जुलाब आणि सणसणून ताप. दवाखान्यात सलाईन लागलं. बाळाचे ठोके ऐकू येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. तपासणीत जे जंतू निघाले, ते बहुधा कोंबडीतून येतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पण रस्सा दीड तास उकळला होता," मी म्हणालो.

"कोंबडी चिरली कशावर?"

या ब्लॉगसाठी मावशींकडे काढलेले फोटो उघडले. एकात मावशी विळीवर कोंबडी चिरतायत. पुढच्यात पाण्याचा हबका मारून त्याच विळीवर काकडी. साबण नाही, काही नाही. मी समोर उभा राहून फोटो काढत होतो. माझी मलाच लाज वाटली.

"मावशीला सांगू नकोस," गौरी म्हणाली. "जिव्हारी लागेल तिच्या." पाहुणचाराला नावं कशी ठेवायची? मलाही गप्प राहणं सोयीचं वाटलं.

गुरुवारी मात्र राहवेना. फोन करून सगळं सांगितलं. मावशी म्हणाल्या, "आमच्या नातीलाबी सोमवारपास्नं जुलाब हायती. मी म्हनलं, ऊन बाधलं आसंल. घरीच लिंबूपानी पाजतीय."

त्याच दुपारी त्यांनी पोरीला दवाखान्यात नेलं. ती आता बरी आहे, गौरीही. करमाळ्याला जरूर जा, रस्साही खा. फक्त कोंबडीची विळी वेगळी ठेवा म्हणायला लाजू नका. मावशी माझ्यावर रागावल्या नाहीत. फोन ठेवताना एवढंच विचारलं, "जावईबापू, सोमवारीच का न्हाय सांगितलं?"