फर्स्टक्लास आणि त्यांचं गप्प गिऱ्हाईक

आमची पहिली भेट रक्तरंजित होती. मी खुर्चीत बसताक्षणी या माणसाने माझ्या मुंडीचा ताबा घेतला, ती अशी गरगर वळवली की माझी पाठ मीच पाहिली, आणि कानाच्या पाळीवर वस्तऱ्याने सही करून तो म्हणाला, "फर्स्टक्लास!" बाजारात या सलूनवाल्याला सगळे याच नावाने ओळखत. पुढची तीस वर्षं मी माझं डोकं दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही.

मग त्यांचंच डोकं दगा देऊ लागलं. एकाच माणसाची दाढी त्यांनी लागोपाठ दोनदा केली. तिसऱ्यांदा साबण लावताना त्यांच्या मुलीने वस्तरा काढून घेतला. स्मृतिभ्रंशाच्या केंद्रात ठेवल्यावर त्यांनी जेवण सोडलं. वजन बेचाळीस किलोवर आलं. तेव्हा सिस्टरने केंद्रातला एकुलता एक रोबो त्यांच्या मांडीवर ठेवला: मांजराएवढा, पांढऱ्या दाट केसांचा, हात फिरवला की डोळे मिटून गुरगुरणारा.

"बसा साहेब," फर्स्टक्लास म्हणाले. "किती वाढवलेत!"

आयुष्यात प्रथमच त्यांना मध्ये तोंड न घालणारं गिऱ्हाईक मिळालं. त्याच्याशी गप्पा मारता मारता ते घास गिळू लागले. रोबो मांडीवरून उचलला की त्यांचं तोंड बंद.

मुलगी हरखली. तिने दुकानातला कंगवा, अंगावर टाकायचं कापड आणि पाण्याचा रिकामा फवारा आणून दिला.

"कात्री नाही ना आणलीस?" सिस्टरने दोनदा विचारलं.

"वेडी आहे का मी?"

पण कोरडे केस विंचरणं हा फर्स्टक्लासच्या धंद्यात गुन्हा. दुपारी त्यांनी बेसिनवर फवारा भरला आणि साहेबांना चिंब भिजवलं. मी पोहोचलो तेव्हा रोबोची गुरगुर बंद पडली होती, डोळे अर्धवट उघडे होते आणि हे कंगवा फिरवत होते.

"झोपलेत," ते मला म्हणाले. "बसा, पुढचा नंबर तुमचाच."

रोबो दुरुस्तीला गेला. मुलीने कापसाचं मांजर आणलं. त्यांनी त्याची मान उचलली, सोडली. "हे गेलंय," म्हणाले आणि त्याच्या तोंडावरून कापड ओढलं.

"पप्पा, एक घास."

"आधी गिऱ्हाईक."

शेवटी मीच त्यांच्यापुढे स्टुलावर बसलो आणि डोकं वाकवलं. माझ्या उरल्यासुरल्या केसांवरून त्यांनी हात फिरवला. "यात करण्यासारखं काही नाही," म्हणाले आणि तोंड फिरवलं. मुलीच्या हातातला चमचा तसाच राहिला.

रोबो नवव्या आठवड्यात दुरुस्त होऊन आला. फर्स्टक्लास सहाव्यात वारले होते.