आवाज ओळखू आला पाहिजे

लांजेवार सरांची आणि माझी ओळख एका तापलेल्या यंत्राजवळ झाली. भंडाऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला तो आमचा पहिला प्रात्यक्षिकाचा तास होता. टेबलावर रेडिओ ट्रान्समीटरचा अॅम्प्लिफायर चालू होता. सरांनी प्रत्येकाला त्याच्याजवळ हात न्यायला सांगितलं आणि विचारलं, बॅटरीतली वीज आवाजात किती गेली आणि या गरमीत किती? माझी पाळी आली तेव्हा घाबरून घरचीच बोली तोंडातून निघाली, "मले नाही माहीत सर." वर्ग हसला. सर शांतपणे म्हणाले, "मलेही पुरतं माहीत नाही. चाल, मोजून पाहू."

वर्गात बोलण्याची माझी भीती त्या दिवशी गेली. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळावा, यामागे तो तास आहे.

वाया जाणारी वीज वाचवणं हा सरांचा आयुष्यभराचा विषय. हा विषय ते हातमागाच्या भाषेत शिकवत, कारण त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या विणकरांचं. ते सांगत, सुतात कुठेतरी एखादी जाड गाठ येते. तेवढ्यासाठी धागे ओवायची अख्खी फणी रुंद केली, तर सगळं कापड विरळ होतं. आवाजाचंही तसंच आहे. बोलताना मधूनच एखादा उंच झटका येतो. तेवढ्या झटक्यासाठी मोठा अॅम्प्लिफायर बसवला, की बाकीचा सगळा वेळ तो अर्ध्या ताकदीनं चालतो आणि बॅटरी नुसती तापवतो. म्हणून लहरीची वरची टोकं आधीच मर्यादेत आणायची, त्यातून उठणारी खरखर गाळून टाकायची आणि लहान अॅम्प्लिफायर जवळजवळ पूर्ण ताकदीनं चालवायचा.

हे शास्त्र माझ्या गावाच्या कामी आलं. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आता बाबा त्याच पाण्यात मासेमारी करतात. उन्हाळ्यात दुपारनंतर तिथे अचानक वारा उठतो. म्हणून मच्छीमार संस्थेनं मासेमारीच्या छोट्या डोंग्यांसाठी आणि काठासाठी रेडिओ संच आणले होते. पण पाण्यावरून हाका मारत वाढलेली आमची माणसं माइक हातात आला तरी पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशीच ओरडत. तो आवाज फाटू नये म्हणून संचांना मोठे अॅम्प्लिफायर होते आणि बॅटरी दुपारीच संपे, नेमकी वाऱ्याच्या वेळेला. एकदा बाबा वाऱ्यात सापडले आणि काठावरच्या संचाजवळ बसलेल्या आईला त्यांना परत फिरा असं कळवताच आलं नाही. ते कसेबसे परतले. संच परत करून टाकू, असं संस्थेत बोललं जाऊ लागलं.

मी हे सरांना सांगितलं. लोकांना हळू बोलायला शिकवावं, असं माझं म्हणणं होतं. सर म्हणाले, "ते ओरडतात तसेच ओरडू दे. सांभाळून घ्यायचं काम यंत्राचं."

सरांनी तो आमचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प केला. सुधारलेले संच घेऊन सर आमच्यासोबत एसटीनं गावी आले, बॅटरी मांडीवर ठेवून. पहिल्या चाचणीत बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकली आणि आम्ही मुलं खूश झालो. आई मात्र खूश नव्हती. सरांनी विचारल्यावर म्हणाली, "बॅटरी टिकली, पण बोलत कोण होतं? सारेच एकसारखे वाटतेत."

आम्ही टोकं फार खाली कापली होती. त्यात आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. आई आवाजावरूनच ओळखायची आणि उत्तर द्यायची. माझ्या एका वर्गमित्रानं डोंग्यांना नंबर देण्याचं सुचवलं. सरांनी त्याला नाही म्हटलं नाही. ते एवढंच म्हणाले, "दे नंबर. पण घाबरलेला माणूस नंबर विसरतो. आवाज विसरत नाही. आवाज ओळखू आला पाहिजे."

मग सर स्क्रूड्रायव्हर घेऊन काठावर आईशेजारी बसले. मर्यादा थोडी सैल करायची, बाबांना डोंग्यातून बोलायला लावायचं आणि विचारायचं, "वहिनी, आता?" आई म्हणे, "अजून नाकातून बोलून राहिले." वीज वाचवण्यासाठी आयुष्य घातलेला माणूस वाचलेली वीज स्वतःच्या हातानं थोडी थोडी परत देत होता. शेवटी बाबा पाण्यावरून जेवायला काय केलं म्हणून ओरडले आणि आईनं माइक उचलला, "कायले ओरडून राहिले? मी का बहिरी आहो?" सरांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. नंतर त्यांनी आमच्याकडे झिंग्याची चटणी मागून घेऊन खाल्ली.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी पुन्हा वारा उठला. बॅटरीत जीव होता. आईनं हाक दिली, एकेकाचा आवाज ओळखून ओ घेतली आणि सगळे डोंगे काठाला लागले. बाबा जाळं पाण्यातच सोडून यावं लागलं म्हणून कुरकुरत आले. संच परत करायची गोष्ट त्यानंतर कोणी काढली नाही.

प्रकल्पाच्या अहवालात आवाजाची पारख करणारी म्हणून सरांनी आईचं पूर्ण नाव छापलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी या कोण, असं विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "ज्यांच्या कानावर आमचं आकडेमोडीपेक्षा जास्त भागलं, त्या."

आज मी स्वतः अशा संचांवर काम करते. अजून पुष्कळ पाण्यांवर, पुष्कळ काठांवर ते पोचायचे आहेत आणि ते पोचतील, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी सर आमच्यासोबत हवेत. सर निवृत्त होत असले तरी आमच्या काठावरचा संच तपासायला येणं थांबवणार नाहीत, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे. सरांना निरोगी, समाधानी आणि दीर्घ आयुष्य लाभो.

लेखाचा शेवट काय करू, असं आईला विचारलं. ती म्हणाली, "सरायले म्हण, हळू बोलले तरी आमाले ऐकू येते. जोर नोका लावू. लय वर्षं बोलत राहा."