सावडण्याच्या सकाळचा खाडा

जी गोष्ट मी आजवर कुणालाच, अगदी बायकोलाही सांगितली नाही, ती ही: माझी कंपनीतली नोकरी मयतांमुळे गेली नाही. ती क्रिकेटमुळे गेली. आणि तेही खेळून नव्हे, बोलून. गावात हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही, कारण गावात मी जवळजवळ मुका म्हणून प्रसिद्ध आहे.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या पुढे, आत. वडील तिरडी बांधायचे म्हणून मी बांधतो. हा धंदा नाही, मानही नाही. गावात कुणी गेलं की रडारड पुरती सुरू व्हायच्या आत कुणीतरी माझ्या दारात येऊन उभं राहतं, मी कोयता घेतो आणि बांबूच्या बेटाकडे निघतो. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, वर पेंढा, आणि सगळ्याला मिळून एकच अखंड सुंभ. गाठ शेवटी एकच. ती सैल बसली तर खांदेकऱ्यांची फजिती, आणि पुढे वर्षभर चर्चा. लोक कौतुकाने म्हणतात, "ह्याच्या तिरडीवर मानूस जरापन हलत नाय." मी मनात म्हणतो, हलणार कसा?

चाळिशीच्या तोंडावर मला वाशिंदच्या एका कंपनीत पॅकिंगला काम लागलं. सहा महिने प्रोबेशन, नंतर पर्मनंट. पर्मनंट हा शब्द बायको देवाचं नाव घ्यावं तसा घ्यायची, संध्याकाळी दिवा लावताना. आणि नेमकं त्याच वर्षी गावाने मरायचं मनावर घेतलं. रुजू होऊन महिना झाला नाही तोच वरच्या आळीतला एक म्हातारा गेला. मग त्याची भावजय. मग पाटाजवळचे एक अण्णा, जे आम्ही शाळेत असल्यापासून मरायला टेकलेले होते, ते एवढी वर्षं थांबून माझ्या प्रोबेशनमध्ये गेले.

आमचा सुपरवायझर वाशिंदचाच, माझ्याहून तरुण, स्वभावाने सरळ. मला दादा म्हणायचा. सुरुवातीला नुसती मान हलवायचा. पुढे पुढे फोन उचलल्यावर "हॅलो"च्या ऐवजी "कोन गेला?" म्हणायला लागला.

"दादा, तुमच्या गावात मानसं उरलीत का?"

"हायेत साहेब थोडी."

"मग त्यांना जरा सांभाळा."

शेवटी त्याने मला ऑफिसातल्या मॅडमसमोर उभं केलं. मॅडम ठाण्याच्या. त्यांनी समजावून सांगितलं की सुट्टी मिळते ती जवळच्या नात्यातलं माणूस गेलं तर. आई, वडील, बायको, मुलं. मी म्हटलं, आमच्यात सगळं गावच जवळचं आहे. त्या म्हणाल्या, मग दुसरं कुणी तिरडी बांधत नाही का? मी म्हटलं, एकाने बांधली होती, तेव्हा मयत वाटेत उतरवावं लागलं होतं. मॅडम पाणी प्यायल्या. बाहेर आल्यावर सुपरवायझर म्हणाला, "दादा, मी बोललोय त्यांच्याशी. खाडे मी गिळतो. पन आता एकपन नको. मला खोटा पाडू नका."

इथवर माझी बाजू स्वच्छ होती. एकही मयत खोटं नव्हतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे तसं लिहिता येणार नाही.

माझी बहीण धसईपलीकडे दिली आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या गावात टेनिस बॉलची मॅच होती आणि माइकवर बोलणाऱ्याचा घसा बसला. मी जवळ उभा होतो म्हणून माइक माझ्या हातात आला. मी काय बोललो ते मला आठवत नाही, पण लोक मॅच सोडून माझ्याकडे बघायला लागले. आतून कोण बोलत होतं देव जाणे. गावात मी कुणाच्या घरी जातो तेव्हा त्या घरात कुणीतरी गेलेलं असतं, तिथे बोलायचं ते काय? धसईकडे मला कुणी तिरडीवाला म्हणून ओळखत नव्हतं. तिथे मी 'माइकवाले भाऊ' होतो. आमच्या गावाचा संघ नव्हता, मॅच फोनवर लाइव्ह दाखवायचं खूळही तेव्हा इकडे आलं नव्हतं, त्यामुळे गावात कुणाला पत्ता नव्हता. बायकोला वाटायचं, भावाची बहिणीवर फार माया आहे.

त्या शनिवारी धसईला मोठी टूर्नामेंट होती आणि मी शब्द देऊन बसलो होतो. कंपनीत पोट बिघडल्याचं सांगायचं असं मनात ठरवलेलं होतं. तर शुक्रवारी पहाटे शेजारचे काका गेले.

काका म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेलं घर. मला सुंभ वळायला वडिलांच्या बरोबरीने त्यांनी शिकवलं. मी फोन केला. सुपरवायझर म्हणाला, "कोन?" मी म्हटलं, काका. "सख्खे?" मी म्हटलं, सख्ख्यापेक्षा जास्त. "बरं. आजचा शेवटचा. उद्या या." काकांची तिरडी मी जन्मात बांधली नसेल एवढी चांगली बांधली.

आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडतात. घरचे आणि तिरडी बांधणारा, एवढे तरी लागतातच. शुक्रवारी रात्री मी काकीला सांगितलं, "काकी, उद्या मना कंपनीत जावंच लागल." काकी म्हणाली, "जा बाबा. तुजी नोकरी नको जायला." शनिवारी सकाळी मी डबा घेऊन घराबाहेर पडलो, शेणव्याला एका ओळखीच्याच्या मोटरसायकलवर बसलो आणि धसईला उतरलो. मैदानाच्या कडेला मंडपामागे जाऊन फोन लावला.

"साहेब, आज काकांची राख सावडायची हाय. माझ्याबिगर होत नाय."

"बरं. पाठी काय वाजतंय?"

स्पीकरवर नाचाचं गाणं चालू होतं. "भजन हाय साहेब. मयताघरी लावलंय."

मला माझ्या एका कानात ते गाणं ऐकू येत होतं आणि दुसऱ्या कानात, फोनमधून, तेच गाणं जरा उशिराने. मला वाटलं, फोन खराब आहे.

तो म्हणाला, "दादा, आमच्याकडे पन तेच भजन लागलंय."

आणि फोन ठेवला. मला अजूनही कळलं नव्हतं. मी हातपाय धुऊन माइकवर जाऊन बसलो. पहिली मॅच वाशिंदच्या संघाची. "आणि मंडळी, वाशिंदचे सलामीवीर मैदानाकडे निघालेत, चाल बघा, जसा जावई मांडवात..." इथपर्यंत बोललो आणि जावयाने मान वर केली. आमचा सुपरवायझर. बॅट काखेत, नजर माझ्यावर.

माझं तोंड उघडंच राहिलं. पब्लिक ओरडायला लागलं, "ओ माइकवाले भाऊ, करंट गेला काय?" सुपरवायझर क्रीजवर उभा राहिला, पण स्टान्स घेईना. माझ्याकडे बॅट करून मोठ्याने म्हणाला, "बोला ना दादा! तुमच्याबिगर होत नाय!"

मी बोललो. काय करणार? पहिल्याच चेंडूवर त्याने मंडपावरून सिक्स मारला आणि मला त्याचं वर्णन करावं लागलं. दुसराही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली कॉमेंट्री मी त्या दिवशी केली, माझ्याच नोकरीच्या मयतावर.

आउट झाल्यावर तो मंडपात आला, पाणी प्यायला, माझ्या बाजूला बसला. त्याची रजा आधीच मंजूर झालेली होती, तो पर्मनंट होता. मला वाटलं, हसेल. तो हसला नाही.

"एवढं बोलता येतं तुमाला? कंपनीत 'हो साहेब'च्या पुढं जात नाय." मग हळू आवाजात, "काका तरी गेले का खरंच?"

"गेले साहेब. आईची शपथ."

"बाकीचे?"

"सगळे गेले."

"मला कसं कळायचं दादा? मी मॅडमला सांगून बसलोय, मानूस खरा हाय." तो उठला. "सोमवारी येऊन गेटपास जमा करा."

साहेबांशी खोटं मी एकदाच बोललो होतो, पण त्यात गावातली सगळी खरी मयतं खोटी पडली.

सोमवारी दुपारी गेटपास जमा करून मी परत आलो. काय झालं हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही, कारण गावाने ते स्वतःच लावून घेतलं: शुक्रवारी हा काकांसाठी राहिला, म्हणून काढला. संध्याकाळी काकी आली. सुतकात असूनही आली आणि अंगणाच्या कडेला उभी राहिली.

"माज्या मानसापाय तुजी भाकरी गेली रे."

मी तोंड उघडलं. धसईला कशी वाचा फुटली होती! इथे एक शब्द निघेना. बायको मागून म्हणाली, "जाऊ दे काकी. मानूसकी मोटी का नोकरी?" मी तोंड मिटलं.

त्या वर्षी सत्यनारायणाला गावाने मला शाल-नारळ दिला. सरपंच म्हणाले, असा त्यागी माणूस पंचक्रोशीत नाही. मी काही बोललो नाही, तर त्यालाही लोकांनी विनय म्हटलं. बायकोने त्या दिवसापासून मला नोकरीवरून टोमणा मारला नाही, आणि तो न मारलेला टोमणा मला रोज ऐकू येतो. धसईला मी पुन्हा गेलो नाही. हल्ली शहापूर-शेणवा रिक्षा चालवतो.

आणि काकी. तिच्याकडे नवा तांदूळ निघाला की पहिलं माप आमच्या घरी येतं. वालाचं बिरडं केलं की वाटी येते, कैरीचं लोणचं घातलं की बरणी येते. मी म्हणतो, नको. ती म्हणते, "खा रे, तुज्या नोकरीपुडं हे काय?" तो वाल माझ्या घशातून उतरतो, नाही असं नाही. काकीच्या हाताला चव आहे. हीही कबुलीच.

आता ती थकली आहे. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे चहाला बसलो होतो. तिचा मुलगा औषधाला शहापूरला गेला होता. ती म्हणाली, "माजी तिरडी तूच बांधायची."

मी म्हटलं, "बांधीन."

"पन मी लेकाला सांगून ठेवलंय. मी जाईन ती रविवारी जाईन. तवा तुजी रिक्षा बंद असते ना? आता माज्यापाय तुजा खाडा नको."

मी हसलो. तीही हसली. तिचं हसणं मस्करीचं नव्हतं. तिने खरोखरच तसं ठरवलं आहे. इतकी वर्षं ती हे डोक्यात घेऊन जगते आहे की तिच्या माणसाने मरताना दुसऱ्याची नोकरी नेली. काकांनी माझं काही नेलं नाही. त्यांनी मला सुंभ वळायला शिकवलं, आणि त्यांची राख सावडायच्या सकाळी मी धसईला माइकवर होतो.

चहा संपवून मी उठलो. उंबऱ्यापर्यंत गेलो, परत वळलो. तिने विचारलं, "काय रे?" मी म्हटलं, "काय नाय काकी. साखर बरोबर होती."

मी काकीचं एवढं देणं लागतो: ती आहे तोवर, तिच्यासमोर बसून, तिच्या नवऱ्यामुळे माझी नोकरी गेली नाही हे एक वाक्य. इथे मी ते तुम्हा सगळ्यांना सांगितलं. तिला सांगायचं अजून राहिलं आहे.