खांड्याशी लागलेलं लगीन

मेहकरच्या तहसील कचेरीत शेताच्या कागदाच्या नकलेसाठी ताटकळलो होतो, तेव्हा ती आली. चोपून नेसलेलं लुगडं, ठसठशीत कुंकू, आणि तान्हं मूल धरावं तसं लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. बायामाणसं ओसरीवर थांबत. ही थेट साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली. नवरा आफ्रिकेत मोंबासाला रेल्वेत होता आणि तिला त्याच्याकडे जायचा परवाना हवा होता.

"लग्नाला पुरावा काय?" साहेबांनी विचारलं.

तिनं फडकं सोडलं. आत तलवार! पट्टेवाला मागे सरला.

"त्याईले सुट्टी भेटली नाही. मुहूर्त टळू नये म्हनून घरच्यायनं या खांड्यासंगंच माह्यं लगन लावलं. साऱ्या गावाले इच्यारा."

"मग नवरा घरीच आहे की! मोंबासा कशाला?"

सारी कचेरी हसली. मीही हसलो. ती शांतपणे खांडा पुन्हा गुंडाळत राहिली. गाठ घट्ट ओढून म्हणाली,

"दोन सालापासून याले उशाशी घेऊन निजून राह्यली मी, सायेब. यानं एक डाव बी 'जेवली का' म्हनून इच्यारलं नाही."

हसू विरलं. साहेबांनी मान खाली घातली आणि तिच्या गावच्या पाटलाचा जबाब जोडून कागद नागपूरला पाठवायला कारकुनाला सांगितलं.

जाताना ती माझ्या बाकाशी थांबली. "भाऊ, पानी पेऊन येतो, याले धरा जरा. आता थोडेच दिस सांभाळाचा हाये."

मी धरला. त्या उन्हाळ्यातही, फडक्यातून, लोखंड थंडगार लागलं.