कोणाची आई

पडदे शिवणाऱ्या त्या बाईला सगळे पडदेवालीच म्हणत. खिडकीचे पडदे शिवण्यात ती तरबेज होतीच, पण घरातल्या गोष्टींवर पडदा टाकण्यात तर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. गालावर वळ दिसला की कपाटाचं दार लागलेलं असायचं, मनगट सुजलं की कापडाचा गठ्ठा उचलताना लचकलेलं. ती काम करायची त्या पडद्यांच्या दुकानातल्या बायका नुसत्या हं हं करायच्या. कळत सगळ्यांना होतं, पण झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून सगळ्या गप्प.

नवरा नळदुरुस्तीची कामं करायचा. बाहेर तोंडात साखर. शेजारी त्याला देवमाणूस म्हणत, कारण त्यांच्या घरची गळती तो हाकेसरशी थांबवायचा. घरी मात्र त्याच्याच तोंडाला तोटी नव्हती, आणि तोंड थकलं की हात सुरू व्हायचे. असल्या देवमाणसांचा मला फार राग येतो.

मग ती इतकी वर्षं राहिली कशाला? सासूसाठी. तिची स्वतःची आई ती लहान असतानाच गेली होती. लग्न होऊन आली तेव्हा सासू म्हणाली, मला आईच म्हण. बोलायला सगळ्याच सासवा बोलतात, पण या म्हातारीनं ते खरं करून दाखवलं. सुनेला ताप आला की उशाशी बसायची, शेजारणींच्या नकला करून तिला हसवायची, आणि मुलाचा हात उठला की मध्ये पडायची. एकदा तो धक्का तिलाच बसला आणि ती भिंतीवर आदळली. दुसऱ्या दिवशी तिनंच सुनेला मोफत कायदा मदत केंद्रात नेलं.

तिथल्या वकीलबाईंनी म्हातारीला बाहेर बाकावर बसवलं आणि पडदेवालीला एकटीला आत घेतलं. पडदेवालीनं सवयीनं कपाटाचं दारच सांगितलं. वकीलबाई पाण्याचा पेला पुढे सरकवून वाट पाहत राहिल्या. मग पडदेवाली रडली आणि सगळं बोलली. मारणं हा गुन्हा आहे, जवळ यायला कोर्ट त्याला बंदी घालू शकतं, वसतिगृहात खोली मिळेल आणि तिचा पत्ता कोणाला कळणार नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. शेवटी विचारलं, तुम्हाला काय हवंय?

"आई माझ्याजवळ राहू दे," पडदेवाली म्हणाली. "बाकी त्याचं मला काही नको."

त्यात कोण आडवं येणार, असं म्हणत वकीलबाईंनी तसं लिहूनही टाकलं.

खोली मिळेपर्यंत पडदेवाली दुकानाच्या मालकिणीकडे राहिली. म्हातारी तिला भेटायला दुकानात यायची आणि तिच्या मागोमाग तो येऊन समोरच्या फुटपाथवर उभा राहायचा. तरी पडदेवाली खुशीत होती. खोलीला पडदा कुठल्या रंगाचा लावायचा, हे आईलाच विचारायचं तिनं ठरवलं होतं.

समजुतीनं वेगळं व्हायला नवरा तयार झाला आणि केंद्रात बैठक ठरली. वकीलबाई मसुदा वाचत होत्या. 'अर्जदार व तिची आई' इथवर आल्या आणि नवरा हसला.

"हिची आई केव्हाच गेली. बाहेर बसलीये ती माझी आई."

वकीलबाई वाचता वाचता थांबल्या. पडदेवालीच्या तेव्हा कुठे लक्षात आलं, की इथे सासू म्हणायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत तो शब्द तिच्या तोंडी कधी आलाच नव्हता, तर त्या दिवशी तरी कसा येणार? कायदा कोणाला सासू मिळवून देत नाही, वकीलबाई हळूच म्हणाल्या. मात्र आजी जाणत्या आहेत, कुठे राहायचं ते त्या स्वतः ठरवू शकतात. पडदेवालीच्या जिवात जीव आला. नवऱ्याला बाहेर पाठवून त्यांनी म्हातारीला आत बोलावलं.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. सुनेकडे न बघता ती म्हणाली, "मी मुलाकडे राहीन."

पडदेवालीला वाटलं, आपली आई दुसऱ्यांदा गेली. वकीलबाईंनी म्हातारीला परत परत विचारलं, भीती वाटते का, कोणी धमकावलंय का. तिनं मानेनंच नाही म्हटलं. तुमच्यावर हात उठला तर हाच कायदा तुमच्यासाठीही आहे, असं बजावून त्यांनी तिला आपला फोन नंबर दिला. तो तिनं घेतला. नवरा परत आला, निकाल ऐकून त्यानं मिशीवर ताव दिला आणि हसत सह्या करून खाली गेला.

बाहेर बाकाशी पडदेवालीनं म्हातारीची वाट अडवली. "आई, माझं काय चुकलं?"

"तुझं काही चुकलं नाही गं. मी तुझ्याकडे आले, तर आईला भेटायला म्हणून तो रोज तुझ्या दारात उभा राहील. कुठल्या तोंडानं नाही म्हणशील?"

"मग तुम्ही अधूनमधून तरी या. मी पत्ता सांगते."

म्हातारीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "सांगू नकोस. त्यानं विचारलं, तर मला खोटं बोलता येत नाही."

खालून हाक आली. "आले रे," म्हणत म्हातारी कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली. पडदेवाली आधार द्यायला पुढे झाली, तशी म्हातारीनं न वळताच तिला हातानं मागे राहायची खूण केली.